फुलदाण्यांची उंची

मंडळी, आमच्या भिंतीवरच्या फुलदाण्यांचा फोटो तुम्हाला आवडला होता. सरबताच्या रिकाम्या बाटल्या पाइपाच्या क्लिपांनी फळीवर बसवून मीच त्या केल्या होत्या. फुलं एवढी ताजी कशी राहतात, असं तुम्ही विचारलंत. मी ऐटीत लिहिलं, 'नांदेडची हवा.'

आज फिरून लवकर परतलो, तर आमची ही पालथ्या बादलीवर चढून त्या बाटल्यांतलं पाणी बदलत होती. तेही दुखऱ्या गुडघ्यांनी.

"अगं, पडशील. मला सांगायचं ना."

"रोजच करून राहिले. तुम्ही फिरून आलात, की खुर्चीत डोळे मिटून शाळेतल्या कविता म्हणत बसता. मधीच कशाला उठवू?"

मी फळी खाली घ्यायला पेचकस काढला.

"ऱ्हाऊ द्या. किरायाचं घर हाय, भिंतीला किती भोकं पाडता?"

"पडू दे. कुठं लावू, ते सांग."

तिनं भिंतीवर हात टेकवला. तो माझ्या छातीशी आला. एवढा संसार झाला, पण तिचा हात सहज कुठवर पोचतो हे मी आज पाहिलं.

तुमच्या घरातल्या फळ्या कुणाच्या उंचीनं ठोकल्यात, एकदा बघाल का?