स्प्रिंग कमजोर आहे

बंदूक हातात आली की मिस्त्री आधी तिचं तोंड भिंतीकडे करायचे, गोळीच्या घराचा बोल्ट मागे ओढायचे आणि उघड्या खाचेत करंगळी घालून आत चाचपून पाहायचे. मग तीच बंदूक गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायचे, "रिकामी आहे. आता तुम्ही पाहा."

गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही पाहिलं ना, बस झालं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी पाहिलं म्हणजे तुम्ही पाहिलं, असं होत नाही." एकदा एका निवृत्त फौजदारांना राग आला होता. तीस वर्षं नोकरी केली, मला शिकवता का, म्हणाले. मिस्त्री बंदूक तशीच धरून उभे राहिले. शेवटी फौजदारांनी करंगळी घातली.

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत मिस्त्रींचं घर माझ्यापासून दोन दारं सोडून होतं. गावातल्या परवानाधारक बंदुकीच्या दुकानात ते दुरुस्तीचं काम करायचे आणि काउंटरही सांभाळायचे. दुकान मी शिकवते त्या शाळेच्या वाटेवर. त्यामुळे सकाळी आम्ही बरोबरच निघायचो, ते सायकल हातात धरून आणि मी पायी. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांच्या बायकोसुद्धा "मिस्त्री जेवायला या" असंच म्हणायच्या.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, जो गॅस बंद केला की नाही हे पाहायला कोपऱ्यावरून परत येतो. मिस्त्री दोनदा परत यायचे. दिवाळीत तर त्यांची फजिती पाहण्यासारखी असे. मुलं साध्या टिकल्या फोडायची आणि हे कानात कापूस घालून आतल्या खोलीत. मी हसले तर म्हणाले, "ताई, उभा जन्म बारुदीजवळ बसून राहिलो, म्हणून तर." स्वतःच्या घरात त्यांनी साधी छऱ्याची बंदूकही ठेवली नव्हती.

दुकानात आलेल्याला ते भाव सांगायच्या आधी विचारायचे, कशाला पाहिजे, घरात कोण कोण आहे, कुठं ठेवाल, किल्ली कोणाकडे राहील. मालक वैतागायचे. "मिस्त्री, बंदूक विकून राहिले की लग्न जमवून राहिले?" मिस्त्री गंभीरपणे म्हणायचे, "शेठ, लग्न मोडता तरी येतं."

माझा मोठा भाऊ डोईफोडिया गावाजवळ राहतो. जंगलाच्या कडेला आमची केळी आहे. रानडुकरं येतात, कंद उकरतात, एका फेरीत रांगच्या रांग आडवी करतात. म्हणून दादानं परवान्याचा अर्ज केला होता. कागद खूप दिवस फिरले. आणि ते मंजूर होऊन आले ते नेमके वाईट दिवसांत.

त्याच्या महिनाभर आधी बांधावरून दादाचं आणि आमच्या चुलत भावाचं भांडण झालं होतं. चुलत भावानं फावड्याचा दांडा दादाच्या डोक्यात घातला, मजुरांच्या देखत. सात टाके पडले. घरातली गोष्ट म्हणून पोलिसात कोणी गेलं नाही. टाके निघाले, पण दादा बोलायचा बंद झाला. जेवताना मध्येच थांबायचा आणि कपाळावरच्या त्या व्रणावरून बोट फिरवत राहायचा. वहिनी मला फोन करून फक्त एवढंच म्हणायची, "आज पण तसंच."

परवाना घेऊन दादा माझ्याकडे उतरला. मोबाईलवर त्यानं सगळं पाहून ठेवलं होतं. रायफल परवडणारी हवी, गोळ्या स्वस्त मिळायला हव्यात आणि प्रत्येक वेळी बोल्ट ओढायला लागू नये, आपोआप पुढची गोळी चढायला हवी. "सरावाला बरं पडतं," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो इतकं बोलला होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्याला एकटं सोडवेना. मीही त्याच्याबरोबर दुकानात गेले.

मिस्त्रींनी परवाना वाचला. त्यावर पॉइंट टू-टूची रायफल लिहिलेली होती. त्यांनी साधी, एक-एक गोळी भरायची रायफल काढून ठेवली. दादानं तिला हातही लावला नाही. त्याची नजर कपाटात होती. तिथं एक जुनी परदेशी रायफल होती, आपोआप भरणारी. एक वकील वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ती दुकानात जमा करून विकायला दिली होती.

"ही दाखवा."

"हिला वरची वेगळी मंजुरी लागेल," मिस्त्री म्हणाले.

"ते मी बघतो. गोळी तीच ना, स्वस्तातली?"

"तीच. पण भाऊ, मी काय म्हणून राहिलो, ही गोळी डुकरासाठी नाही. बारीक आहे. डुक्कर मरत नाही, जखमी होतं. मग ते तुमच्या मजुराच्या अंगावर जातं. अन् डुक्कर मारायला जंगल खात्याचा कागद वेगळा लागतो. नुसतं हाकलायचं असेल तर बारा बोरची बंदूक घ्या, आवाजानंच पळतात. परवान्यात बदल करून घेऊ."

"एका दमात किती सुटतात?" दादानं विचारलं.

"दहा."

"अन् परत भरायला किती वेळ?"

मिस्त्रींचा हात जिथल्या तिथं थांबला. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काउंटरच्या काचेकडे पाहायला लागले. त्यांनी रायफल काढली, भिंतीकडे तोंड केलं, करंगळी घालून पाहिली आणि पुढे धरली. "आता तुम्ही पाहा."

"काही गरज नाही," दादा म्हणाला.

मिस्त्रींनी रायफल सावकाश मागे घेतली. "याची स्प्रिंग कमजोर आहे. आठ दिवसांनी या."

त्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. दादा भाजी आणायला बाहेर गेला होता. मिस्त्री आत आले नाहीत. चपला पायात तशाच ठेवून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"ताई, भाऊचं कोणाशी वाकडं आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"डुकराचा त्रास असलेला माणूस डुक्कर कुठून येतं ते सांगतो. हात करून दाखवतो. किती झाडं गेली ते सांगून आपल्याला दमवतो. भाऊनं एकदाही सांगितलं नाही."

ते वळून दोन पावलं गेले, आणि मग मीच त्यांना हाक मारली. भिंतीला टेकून त्यांना सगळं सांगितलं, फावडं, टाके, वहिनीचे फोन. सांगताना असं वाटत होतं की मी सख्ख्या भावाची चहाडी करतेय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"विकायचं की नाही ते शेठच्या हातात," ते म्हणाले. "बिघडलेली ठेवायचं माझ्या हातात आहे."

आठ दिवसांनी दादा आला. स्प्रिंग इंदूरहून यायची होती. पुढच्या आठवड्यात आली, पण चुकीच्या मापाची. मग मिस्त्रींना ताप आला. तोपर्यंत दादानं मंजुरीसाठी खेटे घालायला सुरुवात केली होती आणि ती मिळेल असं दिसत होतं. माझी अवस्था काय सांगू. वर्गात फळ्यावर लिहिताना पर्समधला फोन थरथरला की खडू मोडायचा. वहिनीचं नाव दिसलं की उचलायच्या आधी मी एक क्षण डोळे मिटून घ्यायची. मंजुरी येऊ नये असं वाटायचं, आणि आपल्या भावाबद्दल आपण हे काय धरून बसलोय, असंही वाटायचं.

मंजुरी आली. त्या दिवशी दादा दुकानात गेला तेव्हा मालक स्वतः हजर होते. त्यांनी रायफल मागवली, खटका दाबून पाहिला, दोनदा, तीनदा. "मिस्त्री, स्प्रिंगला काय झालंय?"

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, मिस्त्री आता काहीतरी नवीन कारण सांगतील.

"काही झालं नाही, शेठ," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

मग ते दादाकडे वळले. "भाऊ, ही मी तुमच्या हातात देणार नाही."

दादाचा चेहरा काळवंडला. "तुम्ही कोण ठरवणार? माझा कागद बरोबर आहे."

"कागद बरोबरच आहे. खूप वर्षांपूर्वी असाच एकजण आला होता. डोळ्याला डोळा देत नव्हता. माझ्या मनात आलं होतं, की याला विचारावं. पण मीही हेच म्हटलं, कागद बरोबर आहे. त्यानं घरी जाऊन स्वतःच्या भावाला मारलं. त्याची आई नंतर दुकानात आली होती. मला काही बोलली नाही. इथं, तुम्ही उभे आहात तिथं, नुसती उभी राहिली."

मालकांनी रायफल खाली ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही घरी जा. उद्यापासून येऊ नका." मग दादाला म्हणाले, "या साहेब, बसा. पावती करतो."

मिस्त्रींनी हात पुसले, डबा घेतला आणि सायकल काढून निघून गेले. माझ्याजवळून जाताना त्यांनी मान वर केली नाही.

दादा खुर्चीवर बसला. मालक पावतीपुस्तक शोधत होते. ते पुस्तक सापडायच्या आत दादा उठला आणि बाहेर पडला.

घरी येऊन तो पाणीही प्यायला नाही. "त्या मिस्त्रीला कसं कळलं?" एवढंच विचारलं.

"मी सांगितलं."

त्यानं पिशवी उचलली आणि बस गाठली. पुढे जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. राखी मी पोस्टानं पाठवली. मिळाली की नाही, ते वहिनीनं कळवलं. परवान्यावरची खरेदीची मुदत तशीच निघून गेली. पटवारीनं बांधाची मोजणी केली, त्यात दादाच्या केळीच्या दोन रांगा पलीकडे गेल्या. चुलत भाऊ आणि तो अजून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण दोघंही आहेत.

मिस्त्री पुढे एका पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करायला जायला लागले. तिथल्या खडखडाटात कानात कापूस घालून काम करायचे. मी एकदा त्यांची माफी मागायचा प्रयत्न केला. म्हणाले, "ताई, मागाला रिकामा आहे का विचारावं लागत नाही. आराम आहे." त्यानंतर त्यांच्या बायको गेल्या, आणि मुलगी त्यांना खंडव्याला घेऊन गेली. थंडीत तिकडेच ते वारल्याचं आम्हाला चार दिवस उशिरा कळलं.

मार्चमध्ये एक दिवस मी शाळेतून परतले तर दादा गल्लीत उभा. खांद्यावर केळीचा अख्खा घड.

"मिस्त्रींचं घर कोणतं?"

मी दाखवलं. दाराला कुलूप होतं. मी सांगितलं, ते वारले म्हणून. दादानं घड खांद्यावरून उतरवला नाही, तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवसांत मला डुकरं आठवतच नव्हती ग."

त्यानं घड त्यांच्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्या घरी येऊन जेवला. घड हिरवा होता, पिकायला पाच-सहा दिवस लागले. मग गल्लीतल्या ज्यानं त्यानं जाता-येता त्यातली एकेक फणी नेली.