गाडी गिअरमध्ये ठेवता का?

करंटताईचं दुकान एका गाडीइतकंच रुंद आहे. गाडी आत घेतली की एकाच बाजूचं दार उघडतं, आणि तेही अर्धं. जाड गिऱ्हाइकं पोट आत घेऊन उतरतात आणि उतरल्यावर उगाचच हसतात. भिंतीवर वायरींची वेटोळी रंगांप्रमाणे टांगलेली आहेत. खाली बॅटऱ्यांची रांग, टेबलावर फ्यूजचे डबे. दुकानाला जळक्या रबराचा वास कायमचा चिकटला आहे. स्विच बनवणारा कारखाना बंद पडल्यावर तिथली ही जोडणी कामगार गाड्यांच्या वायरिंगकडे वळली, त्याला आता बरीच वर्षं झाली. करंटताई हे नाव कोणी ठेवलं, ते कोणालाच सांगता येत नाही. करंट वायरींचा की तिच्या जिभेचा, यावरही एकमत नाही.

दुकान चढावाच्या पायथ्याशी आहे. रस्ता इथून वर जातो तो थेट हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत, मध्ये सपाट अशी जागाच नाही. त्यामुळे या भागात गाडी लावायची रीत ठरलेली आहे. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि मग हँडब्रेक. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर गाडी सोडणाऱ्याला इथे शिकाऊ समजतात.

आणि नेमक्या याच रस्त्यावर लोकांना रिमोट स्टार्टर हवा असतो. वर हॉस्पिटलच्या आवारात झाड नाही. दुपारी गाडीची भट्टी होते. खिशातलं बटण दाबलं की लांब उभी गाडी सुरू व्हावी, एसी चालू व्हावा आणि आपण पोचेपर्यंत आत बसण्यासारखं व्हावं, एवढीच मागणी.

"ताई, यानं गाडीला काही होणार तर नाही ना?" हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न.

"गाडीला काही होत नाही. गाडीसमोर कोण उभं असतं, ते सांगा."

गाडी ऑटोमॅटिक असेल तर करंटताई फारसे आढेवेढे घेत नाही. तशी गाडी पार्कमध्ये नसेल तर सुरूच होत नाही. मूळ वायरी कापायच्या नाहीत, बॉनेट उघडं असताना यंत्र चालू होणार नाही असा स्विच लावायचा, आणि किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या चोरकुलपाला चकवण्यासाठी जादा किल्ली डॅशबोर्डमागे कोंबून ठेवायची नाही, कारण ती चोराच्या सोयीची असते. एवढं पाळलं की झालं. जाताना गिऱ्हाइकाला एक ताकीद मिळते, ती म्हणजे बंद गॅरेजमध्ये बटण दाबायचं नाही. धूर घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

गाडी हातानं गिअर टाकायची असेल तर मात्र ती हातातला पाना खाली ठेवते आणि विचारते, "गाडी गिअरमध्ये ठेवता का?"

"म्हणजे काय! चढाव आहे."

"मग नाही बसवणार."

गिअरमध्ये असलेली गाडी क्लच न दाबता सुरू केली तर ती जागेवर थांबत नाही, उडी मारते. इथली चांगली सवय या यंत्राला नेमकी मारक आहे. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि पुढच्या चौकातल्या दुकानात जातात. तिथे बसवून मिळतं.

एके दिवशी दुकानात आलेलं गिऱ्हाईक मात्र असं वाटेला लावता येण्यासारखं नव्हतं. ती तिची वहिनी होती, शाळेत ग्रंथपाल. पिशवीतून तिनं खोकं काढलं आणि फ्यूजच्या डब्यांवर ठेवलं.

"वन्सं, हे बसवून द्या. घेऊनच आलेय, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

"वहिनी, तुमची गाडी..."

"माहीत आहे मला, तुम्ही काय विचारणार ते. आधी ऐकून घ्या."

ऐकायला नवं काही नव्हतं. दादाची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा वहिनी त्याला वर डायलिसिसला नेत असे. दुपारी सुया काढल्या की तो कापसासारखा हलका होऊन बाहेर येई. तापलेल्या गाडीत बसला की त्याला भोवळ यायची. म्हणून वहिनी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवून आधी गाडी थंड करायला जाई. मागच्या आठवड्यात ती गेली आणि दादा बाकावरून उठला. आपण चार पावलं पुढे जाऊ, तिची खेप वाचेल, असं त्याला वाटलं. तो पायरीवर पडला. भुवईवर टाके पडले.

"वॉर्डातली चाकाची खुर्ची घ्या म्हटलं की चवताळतात," वहिनी म्हणाली. "एवढी वर्षं बस चालवली, आता मला दुसऱ्यानं ढकलायचं का, म्हणतात. मग मी काय करू? यांच्याजवळ थांबू की गाडीजवळ? हे बटण असलं तर मला यांना सोडून जावं लागणार नाही. पुन्हा पडले ना वन्सं, तर..."

करंटताईनं खोकं उघडलं.

"गिअरमध्ये ठेवायची नाही. कधीच नाही. जमेल?"

"मी काय लहान आहे?"

"तुम्हाला गाडी कोणी शिकवली?"

"तुमच्या भावानं."

"तेच म्हणते मी. गिअर टाकल्याशिवाय दार लावू द्यायचा नाही तो."

"तुम्हालाही त्यांनीच शिकवलंय."

"म्हणून तर मला भीती वाटते!"

दोघी हसल्या. पण काम करंटताईनं आपल्या पद्धतीनं केलं. हातगिअरच्या गाडीसाठी या यंत्रात एक सोय असते. गाडी लावताना इंजिन चालू ठेवायचं, गिअर मोकळा करायचा, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटण दाबून किल्ली काढायची, उतरून दार लावायचं. मग इंजिन आपोआप बंद होतं. गाडी गिअरमध्ये नाही, याची खात्री यंत्राला अशी पटते. त्यानंतर एखादं दार जरी उघडलं तरी ती खात्री रद्द. मग रिमोट कितीही दाबा, दिवे लुकलुकतात आणि गाडी ढिम्म. ती सोय तिनं चारही दारांना जोडली, हँडब्रेकची दोरी ताणून घट्ट केली आणि वहिनीकडून सगळं पुन्हा पुन्हा करून घेतलं. वहिनी एकदाही चुकली नाही.

पण थोड्याच दिवसांत वहिनीचा फोन आला. यंत्र बिघडलंय. कधी चालतं, कधी नुसतेच दिवे मिचकावतं. काल हे उन्हात ताटकळले.

"दार उघडलं असेल मध्ये."

"उघडावं लागतं हो! पाण्याची बाटली राहते, फाईल राहते. ते पुढच्या चौकातले म्हणाले, दाराची वायर काढून टाकली की कटकट मिटेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"त्यांना म्हणावं, तुमच्या गाडीची काढा."

"वन्सं, हट्ट तुमचा आणि हाल यांचे!"

करंटताईनं फोन ठेवला. वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. दादा पुन्हा पडला तर त्याला आपला नियम कारण होणार, हे करंटताईला कळत होतं. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. तिनं शटर ओढलं आणि त्यांच्या गाडीत मागे जाऊन बसली.

"आज काय, तपासणी अधिकारी?" दादानं विचारलं. टाक्यांवरची पट्टी अजून होती.

"तू गप रे. तुझ्यामुळेच चाललंय सगळं."

"माझ्यामुळे? चिमणे, मी तर पुढचा प्रवासी आहे. तिकीट काढून बसलोय."

वहिनीनं दादाला दारात उतरवलं, आत नेऊन पलंगावर निजवलं, आणि मग दोघी गाडी लावायला गेल्या. आवारात गाड्या चढाकडे तोंड करून लागतात. समोर लोखंडी पत्र्याची शेड आणि तिच्या सावलीत नातेवाइकांचं बाक. बाकावर एक म्हातारा आणि त्याची नात केळं सोलत बसले होते.

वहिनीनं सगळं यथासांग केलं. मोकळा गिअर, हँडब्रेक, बटण, किल्ली. दार लावल्यावर इंजिन बंद झालं. तिनं नणंदेकडे बघितलं, म्हणजे बघा, मी नियम पाळते. मग कपाळावर हात मारला.

"फाईल!"

फाईल पुढच्या सीटवर होती. चालकाचं दार उघडून ती वाकली, एका हातानं फाईल ओढली आणि दुसऱ्या हातानं, चढ बघून, सहज गिअरचा दांडा पुढे सारला. दार लावलं. हॉस्पिटलच्या दाराकडे चालू लागली. फाईल उघडून आतले कागदही मोजले.

करंटताई जागची हलली नव्हती.

"वहिनी, रिमोट दाबा."

"आत्ता? कशाला?"

"दाबा तर खरं."

वहिनीनं दाबलं. दिवे तीनदा लुकलुकले. गाडी ढिम्म.

"बघितलंत? हेच म्हणते मी! बिघडलंय."

"काचेतून आत बघा."

वहिनी परत गेली आणि काचेला कपाळ टेकवून बघू लागली. दांडा पहिल्या गिअरमध्ये होता. तिनं मान वर केली तेव्हा समोरच्या बाकावर ती नात आजोबांना अर्धं केळं देत होती. गाडीच्या नाकापासून बाक हातभर अंतरावर होतं.

"मी टाकला?"

"तुम्हीच."

"मला आठवतसुद्धा नाही, वन्सं."

"आठवणार नाहीच. तो हात तुमचा नाही, दादाचा आहे."

वहिनीनं रिमोट पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. दोघी आत गेल्या.

दादाला सांगायचं नाही, असं ठरलं नव्हतं, आणि सांगायचं असंही नव्हतं. पण डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या माणसाला तासन् तास दुसरं कामच नसतं. त्यानं दोघींचे चेहरे बघितले आणि अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं.

"मग आता?" ऐकून झाल्यावर तो म्हणाला.

"यंत्र काढते आज," करंटताई म्हणाली. "ही सवय काही सुटायची नाही."

"सोडूही नये. मी घोटून घेतलीय ती." मग म्हणाला, "आणि बाकावर मी एकटा बसू शकत नाही, हे तर टाके सांगतातच."

वहिनी म्हणाली, "मी काढीन काहीतरी मार्ग."

"अगं, मार्ग आहे. तुला माहीत आहे, हिला माहीत आहे, त्या नर्सबाईंना तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच अडवून बसलोय." त्यानं मान वळवली आणि कोपऱ्यात उभ्या वॉर्डबॉयकडे बघितलं. "ए बाबा, ती तुझी चाकाची खुर्ची. चालते का नीट, की तीही माझ्यासारखी करकरते?"

"एकदम मस्त चालते, काका."

"मस्त नको. हळू चालली पाहिजे."

सुया निघाल्या, हातावर पट्टी बसली. वहिनी किल्ली घेऊन आधी निघाली, पण दारापर्यंत जाऊन तीनदा मागे वळली. शेवटी दादानं हातानंच तिला हाकललं. करंटताई खुर्चीच्या बाजूनं चालली. व्हरांड्यातून जाताना ओळखीचा एक जुना कंडक्टर समोर आला. दादानं मान खाली घातली, मग वर केली आणि स्वतःच म्हणाला, "काय रे, बघतोस काय? आज मला ड्रायव्हर दिलाय."

दारासमोर गाडी उभी होती. इंजिन चालू, वहिनी चालकाच्या जागेवर, पाय ब्रेकवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काचा बंद होत्या. वॉर्डबॉयनं दार उघडलं तेव्हा आतला गारवा बाहेरपर्यंत आला. दादा सावकाश आत सरकला आणि त्यानं सीटला डोकं टेकवलं.

"बरं वाटतंय का?" वहिनीनं विचारलं.

"एसी कमी कर. थंडी वाजतेय."

वहिनीनं आरशातून मागे बसलेल्या नणंदेकडे एकदा बघितलं. मग एसी थोडासाच कमी केला आणि गाडी सावकाश फाटकाकडे घेतली.