धुऱ्याला पडलेली मतं

राजूरच्या सडकेला लागून राधाकिसनचं रान आहे. त्या रानात हा माणूस तेरा वर्षं उघड्या डोक्यानं राबला. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेला, सत्तरीचा गडी, आणि डोक्याला पटका नाही! ऊन असो, लग्न असो, मयत असो. नवा माणूस विचारायचा, "काहून हो, नवस बोलले का?"

"नवस न्हाई, सूड हाय. फिटला की बांधीन."

सूड कुणावर, तर चुलतभाऊ परमेश्वरवर. रान तिघांचं. मावळतीला परमेश्वर, मधी राधाकिसन, उगवतीला थोरल्या चुलतभावामागं राहिलेली त्याची बायको गिरिजाबाई. सातबारा एकच, वाटणी तोंडी, आणि दोन वाट्यांच्या मधी धुरा, म्हणजे हातभर उंचीचा मातीचा बांध. मातीचंच काम ते. दर पेरणीला नांगर जरा आत घातला की धुरा वीतभर सरकतो, अन् ओरडतही नाही. परमेश्वरानं तो वर्षानुवर्षं सरकवत आणला आणि हडपलेल्या पट्ट्यात मोसंबी लावून मोकळा झाला.

राधाकिसननं पंचाईत बसवली. पंच होते बद्रीनाथ, सरळ माणूस. वाटणीच्या वेळी ज्याच्या त्याच्या वाट्याला कपाशीच्या चाळीस ओळी बसतील एवढं रान आलेलं. बद्रीनाथांनी राधाकिसनच्या ओळी मोजल्या. भरल्या बराबर चाळीस!

"तुझ्या चाळीसच्या चाळीस हायेत," बद्रीनाथ म्हणाले, "मंग गेलं काय?"

परमेश्वरच्या ओळी मोजाव्यात, तर तिथं झाडं. तो मांडी थोपटून हसला. "राध्या, उन्हानं डोकं फिरलं तुहं. पटका घट्ट बांधत जा."

खोटा आळ घेतला म्हणून राधाकिसनला चारचौघांत हात जोडावे लागले. तिथंच त्यानं पटका सोडला, काखेत मारला आणि घरी जाऊन पेटीत घातला. पुढं परमेश्वरच्या पोरीचं लग्न निघालं, तर हा मुद्दाम पहिल्या रांगेत उघडा बोडका जाऊन बसला. म्हणे प्रत्येक फोटोत आपण आलं पाहिजे. आलाच! आजही त्या अल्बमात नवरीआधी राधाकिसनचं टक्कल दिसतं.

तर अवंदा उन्हाळ्यात नात रेणू घरी आली. जालन्याला इंजिनिअरिंग शिकते. फोटोतल्या रेघा कॉम्प्युटरनं कशा हुडकायच्या, हेच तिच्या प्रोजेक्टचं काम. राधाकिसनचे कान उभे राहिले.

"मोडलेली रेघ बी सापडती का?"

"जुन्या फोटोत असंल तर सापडती, आबा."

वीस वर्षांपूर्वीचा, आभाळातून काढलेला फोटो तिनं मिळवला. रान त्यात तळहाताएवढं. आधी तिनं फोटोचा रंग काढून राखाडी केला. मग जरासा पुसट केला, म्हणजे ढेकळं-धोंडे गायब. मग जिथं उजेडाचा एकदम अंधार होतो, तेवढेच ठिपके ठेवले.

"आता मतदान, आबा. हरेक ठिपका मत देतो. 'माझ्यावरून ही रेघ गेली असंल, नसता ही, नसता ती.' ज्या रेघेला जास्ती ठिपक्यांची मतं, ती खरी."

"अन् पैसे वाटले तर?"

"ठिपके खात न्हाईत."

राधाकिसनला हा कारभार फार आवडला. पण पहिल्या खेपेला रेघाच रेघा उमटल्या. पिकाची प्रत्येक ओळ निवडून आलेली! रेणूनं कपाळाला हात लावला. राधाकिसन मात्र हसला.

"हंगामातला फोटो कशाला घेतला, येडे? चैत्रातला घे. रान मोकळं असतं, धुऱ्यावर मात्र बोराटीची झुडपं राहती."

चैत्रातला घेतला. ओळी गेल्या. मेंढरांची जुनी पाऊलवाट होती, पण ती वाकडी, तिची मतं फुटली. आणि मावळतीला, टोकापासून टोकापर्यंत, एक रेघ लखलखीत उठली. रेणूनं विहीर आणि सडक जुळवून तो फोटो आजच्या फोटोवर ठेवला. जुना धुरा परमेश्वरच्या मोसंबीच्या पार आतून जात होता.

"सात ओळींचं रान!" राधाकिसन उठून उभा राहिला. "पेटीची किल्ली कुठंय?"

"थांबा आबा. अजून एक रेघ निघाली. उगवतीला."

ती रेघ त्याच्या स्वतःच्या कपाशीतून गेली होती. पलीकडं सात ओळी. गिरिजाबाईच्या.

तो पुन्हा खाली बसला. बापानं सांगितलेल्या चाळीस ओळी त्यानं कधी चुकू दिल्या नव्हत्या. मावळतीला एक कमी पडली की उगवतीला एक पेरायची. चाळीस भरल्या की बस्स. एकदा गिरिजाबाई म्हणाली होती, "भाऊजी, महं रान आखडून राह्यलं का हो?" तर यानं हसून सांगितलं होतं, "उन्हानं आखडलं असंल, वहिनी."

"ही रेघ पुसता येती का?" त्यानं हळूच विचारलं.

"येती की. पण बद्रीनाथ आबा पुन्हा तेच विचारतील. चाळीस भरतात, मंग गेलं काय? त्याला जवाब ही दुसरी रेघच हाय."

राधाकिसन दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, "ठिव दोन्ही. महं गेलं तरी चालंल. त्याची मोसंबी आली पाहिजे."

पंचाईत बसली ती भर दुपारी, लिंबाखाली. उन्हानं लॅपटॉपवर काही दिसेना, तेव्हा राधाकिसननं त्यावर घोंगडी टाकली. एकेक पंच घोंगडीत डोकं घालायचा आणि परमेश्वरकडं बघत बाहेर यायचा. शेवटी परमेश्वर आत गेला. लई वेळ बाहेरच येईना.

"काय भाऊ, झोपला का?" राधाकिसन म्हणाला. "का उन्हानं डोकं फिरलं?"

निकाल झाला. दोन्ही धुरे जुन्या जागी. चौदा वर्षं परमेश्वरनं पाणी घातलेली दोन रांगा मोसंबी फळासकट राधाकिसनची. रान मात्र त्याचं पुन्हा चाळीस ओळींचंच!

बद्रीनाथ म्हणाले, "आता गिरिजाबाईला हात जोड."

त्यानं जोडले, पण नजर परमेश्वरच्या पडलेल्या तोंडावरून हलवली नाही. मग पिशवीतून पटका काढला.

"ठिवा तो खाली, भाऊजी," गिरिजाबाई म्हणाली. "माफी मला नको. माझ्या सात ओळींचा कापूस मी माझ्या हातानं येचीन, तव्हा बांधा."

"येचा की वहिनी. दिवाळीला येईलच."

"बघू," गिरिजाबाई पदर सावरत उठली. "दोन-चार वरसं तो पट्टा पडीकच ठेवावा म्हणते. उन्हानं आखडलाय ना."

आज राधाकिसन परमेश्वरच्या मोसंबीखाली बसतो, उघड्या डोक्यानं. परमेश्वर धुऱ्यावरून गेला की मोसंबी सोलतो, आणि साल त्याच्या बाजूला टाकतो.