वर्दीवरून उसवलेलं नाव

त्यानं माझ्याच टेबलावरची कात्री उचलली आणि वर्दीवरचं माझ्या बापाचं नाव उसवून काढलं. कांबळे. काळ्या दोऱ्यानं, मी स्वतः भरलेलं.

हैदराबादेत एका युद्धपटाचं शूटिंग चालू होतं. मी कपडेपटात शिवणकामाला. पिक्चरमधल्या पलटणीत एक शीख, एक बंगाली, एक मुसलमान, एक नागा, एक मराठी. "आपल्या पिक्चरमध्ये अख्खा देश आहे," असं सगळे येता-जाता सांगायचे. मलाही ते खरं वाटायचं. मराठी शिपाई हिरोचा जिवलग. शेवटी हिरोच्या मांडीवर जीव सोडतो. त्याच्या छातीवरच्या नावाची पट्टी तेवढी राहिली होती. आमचे तेलुगू टेलर मास्तर म्हणाले, "तू मराठी है ना अम्मा? कोई भी मराठी नाम डाल दे."

मी दुसरं कुठलं नाव टाकणार? माझे वडील पायदळातून रिटायर झालेले. अंबरपेठेत घरी त्यांना सांगितलं. संध्याकाळी ते दाढी करून चहाच्या टपरीवर गेले आणि सगळ्या गल्लीला सांगून आले.

सेटवर कुणाला त्या नावात काही दिसलं नाही. तेलुगू माणसाला आमच्या आडनावावरून काय कळणार? कळलं ते एकालाच, पुण्याहून आलेल्या सहायक दिग्दर्शकाला. तो माझ्याशी मराठीत बोलायचा, ताई म्हणायचा. तेलुगू सेटवर मला केवढं बरं वाटायचं. त्यानं पट्टी वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, गैरसमज नको. पण हा हिरोचा मित्र आहे. नाव कसं भारदस्त हवं."

"सर, माझे वडील फौजेत होते. त्यांचं आहे."

"हो का? काय काम करायचे तिथे?"

"लढायचे."

तो हसला, अगदी प्रेमानं. मग कात्री घेतली. उसवलेली पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "असं करा, ही पलटणीच्या लंगरमध्ये जो भांडी घासतो ना, त्याला लावा. म्हणजे तुमच्या लोकांचंही येऊन जाईल."

भांडी घासण्यात कमीपणा नाही. माझी आई मलकपेठेत लोकांची भांडी घासून म्हातारी झाली. पण बापाच्या हातात बंदूक होती. ती काढून घ्यायचा हक्क याला कुणी दिला? माझ्याच भाषेत, ताई म्हणून, त्यानं मला माझी जागा दाखवली. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"नाही लावणार."

मास्तर जवळ आले. "एक पट्टीच तो है अम्मा. लगा दे ना. नक्को झगड़ा."

मी सुया डब्यात भरल्या आणि निघाले. काम गेलं.

वडील दारातच उभे होते. "बसलं का नाव?"

सगळं सांगितलं. ते पट्टीवरून बोट फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "भांडेवाल्याला तरी लावायची व्हती, बाई. दिसलं तर असतं."

सेटवर रडले नव्हते. इथं रडले. सीमेवर उभं आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याला आपलं नाव भांड्यांच्या ढिगामागंही चालेल. एवढंसंच मागायला त्यांना कुणी शिकवलं? त्या सहायकासारख्याच कितीतरी जणांनी, गोड बोलून, हसून.

पिक्चर लागला. मी एकटीच बघून आले. मराठी शिपाई दुसऱ्याच आडनावानं मेला आणि थेटर रडलं. गल्लीत लोक विचारायला लागले, "कांबळे साब, आपका नाम किधर आया?" वडिलांनी टपरीवर जाणं सोडलं. अजून जात नाहीत.

ती पट्टी माझ्या सुयांच्या डब्यात आहे. नव्या सेटवर गेले की आधी आडनाव सांगते, मग डबा उघडते. कुणाचा चेहरा बदलला तर बदलू दे. हे नाव मी पुन्हा भरीन ते शिपायाच्याच छातीवर. आणि कुणी कात्रीला हात घातला, तर या वेळी कात्री माझ्या हातात असेल.