राखेतलं शिसं

अंबड तालुक्यात पोलीस अधिकारी म्हणून नेमणुकीला असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. होती फक्त राख.

वडीगोद्रीकडच्या एका वस्तीवरची बाई ठाण्यात आली. तिच्या दोन शेळ्या मेल्या होत्या. "साहेब, कारखान्याच्या राखेच्या ढिगाखालचं पानी पेल्या अन् गेल्या." अंमलदाराने अदखलपात्र नोंद घेतली. मीही फार लक्ष दिलं नाही. जाताना ती दारात थांबली. "शेळ्यांचं जाऊ द्या. त्याच राखेचे ठोकळे मागल्या आठवड्यात अंगणवाडीच्या अंगणात बसवलेत."

मी लगेच जीप काढायला सांगितली आणि अंगणवाडी गाठून ते ठोकळे पाहिले.

वस्तीजवळच्या त्या कारखान्यात कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांची राख येई. अशा राखेत शिशासारखे विषारी धातू असतात. म्हणून ती टाकीतल्या पाण्यात कालवून तीत वीज सोडायची. धातू प्लेटांवर जमतो. तो खरवडून पिंपात भरायचा, विल्हेवाटीला पाठवायचा आणि स्वच्छ झालेल्या राखेचेच ठोकळे पाडायचे. परवाना याच अटीवर होता.

टाकी चालवणाऱ्या ऑपरेटरला मी ठाण्यात बोलावलं. तिशीतला, शांत माणूस. "टाकी रोज चालती साहेब, बराबर चालती." तीनदा विचारलं, तीनदा हेच वाक्य. खरं सांगणारा माणूस शब्द बदलतो. पाठ केलेला बदलत नाही.

"मग राखेतून काढलेला धातू कुठं आहे?" मी विचारलं.

"पिंपात हाय," तो म्हणाला. दोन पंच आणि त्याला घेऊन मी कारखान्यात गेलो. पिंपाचं झाकण उघडलं. आत धातूचा कणही नव्हता, नुसती कोळ्याची जाळी होती.

तो तिथेच खाली बसला. "प्लेटा झिजून गेल्त्या साहेब. मालकाला चार बार सांगितलं. ते म्हणले, नवीन येईस्तोवर टाकी चालली म्हणून वहीत सही करत जा, काम थांबवू नको."

"ठोकळे अंगणवाडीत गेले, हे माहीत होतं?"

"माझी पोरगी तिथंच जाती. पोट दुखतंय असं सांगून आठ दिवस घरीच ठेवली. पोट न्हाई दुखत तिचं."

"आणि बाकीची लेकरं?"

तो ओंजळीत तोंड घालून रडू लागला. मला त्याचा राग आला होता, पण त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही.

पंचनामा झाला, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात शिसं निघालं. अंगणवाडीतले ठोकळे उपसायला ऑपरेटर स्वतः पहार घेऊन आला. लेकरांच्या आया कडेला उभ्या राहून बघत होत्या. कुणी त्याच्याशी बोललं नाही. शेळ्यावाल्या बाईनेच त्याला तांब्याभर पाणी दिलं. मुलांचं रक्त तपासलं. सुदैवाने कुणालाच बाधा झाली नव्हती.

मालकावर गुन्हा दाखल झाला, ऑपरेटर माफीचा साक्षीदार झाला. उलटतपासणीत मालकाच्या वकिलाने त्याला विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटारडे आहात?"

"व्हय. तवा खोटं बोललो, म्हणून तर आज इथं उभा हाय," तो म्हणाला.

मालकाला शिक्षा झाली. त्या यंत्रात खोट नव्हती; नीट चालवलं तर ते राखेचं सोनं करतं. खोट होती ती भीतीत. घाबरलेला माणूस आधी आपलं लेकरू बाजूला काढतो आणि दुसऱ्यांची तिथेच राहू देतो. त्यानंतर भेसळीचा असो की कच्च्या बांधकामाचा, कुठल्याही तपासात माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : हे तुमच्या घरचे वापरतात का? बहुतेक वेळा तोंडून उत्तर यायच्या आधी चेहराच जबाब देऊन टाकायचा.