आईची फणी

परवा रंगाऱ्याने रॉकेलने हात पुसले आणि त्या वासासरशी मला पाचवीचा वर्ग आठवला. नाशिकरोडची शाळा, सत्तरच्या दशकाची अखेर.

बाईंना माझ्या वेणीवर ऊ दिसली. "वस्तीतल्या मुली, दुसरं काय!" म्हणत त्यांनी मला दाराजवळ एकटीला बसवलं. घरी जाऊन मी लाजेने स्टोव्हच्या बाटलीतलं रॉकेल डोक्याला चोळलं. टाळूची अशी आग झाली की रडतच आईपुढे गेले.

आई दवाखान्यात आया होती. तिने माझं डोकं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी फणी आणि पांढरा रुमाल घेऊन थेट वर्गात आली.

"बाई, हिचं डोकं मी बघितलं. आता बाकीच्यांचीही बघू."

"अहो, ही चांगल्या घरातली मुलं आहेत."

"उवेला घर दिसत नाही, बाई. डोक्याला डोकं लागलं की झालं."

पहिल्या बाकावर वकिलांची मुलगी होती. तिच्या स्वच्छ, शिकेकाईचा वास येणाऱ्या केसांतून आईने फणी ओढली. रुमालावर तीन उवा पडल्या, चांगल्या पोसलेल्या. बाईंचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

मुलीचे डोळे भरले. आई म्हणाली, "रडतेस काय गं? केस आहेत म्हणून उवा आहेत."

तेव्हा मला आईचीच लाज वाटली होती. आज वाटतं, ती बाईंना वाटायला हवी होती. पण त्या दिवशी बाईंनी नुसतं हजेरीपुस्तक उघडलं. मग मीच दप्तर उचललं आणि कुणालाही न विचारता माझ्या जुन्या जागी, त्या मुलीशेजारी जाऊन बसले.