भिशीच्या पैशातले दात

माझ्या दातांना जी तार बसली ती आमच्या गावातल्या बायकांच्या भिशीतून बसली. भिशीचा पैसा म्हणजे आपलाच पैसा, फक्त जरा लवकर हातात आलेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो एकदा स्वतःच्या दातांना लावून पाहावा. मग कळेल.

माझे वरचे चार दात लहानपणापासून पुढे. ओठ मिटायचे म्हटलं तर हनुवटीला सुरकुत्या पडायच्या. गावातल्या शाळेत याचं कुणाला काही नव्हतं. चिडवून चिडवून पोरं कंटाळली होती. पण बारावी झाली आणि मी आदिलाबादला डिग्रीला नाव घातलं. बेल्याच्या रस्त्यावरून सकाळची बस, वर्गात निम्म्याहून जास्त तेलुगू मुली, सगळे चेहरे नवे. तिथं माझा डावा हात आपोआप तोंडावर जाऊन बसला. उजव्या हाताने लिहायचं, डाव्याने तोंड झाकायचं. एकदा मॅडमनी उभं करून धडा समजावून सांगायला लावला, आणि तेलुगूत म्हणाल्या, हात खाली घे, काही ऐकू येत नाही. मी हात खाली घेतला तर माझाच आवाज बंद झाला. मला पुढे बी.एड. करून शिकवायचं होतं. एक हात तोंडावर ठेवून फळ्यापुढे कोण उभं राहू देणार?

बस स्टँडजवळच्या दातांच्या दवाखान्यात महिन्यातून एका रविवारी हैदराबादचा डॉक्टर यायचा. मी एकटीच गेले. त्याने आरसा फिरवून पाहिलं, दोन वर्षं लागतील म्हणाला, आणि खर्चाचा आकडा सांगितला. अर्धे पैसे तार बसवताना, उरलेले दर महिन्याला तार आवळायला येशील तेव्हा थोडे थोडे. तो आकडा मी बसमध्ये घरापर्यंत मनातल्या मनात घोळवत आणला, पण तो काही कमी झाला नाही.

माझे वडील मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, क्लार्क. त्यांनी विचारलं, "दात दुखते का?"

"नाई."

"मंग काऊन?"

एवढं बोलून ते "बगू" म्हणाले. ऑफिसात जी दरख्वास्त त्यांना आवडत नाही ती ते नामंजूरही करत नाहीत. ढिगाच्या तळाशी सरकवतात. घरातही तेच. आई शिलाई मशीनवर कुणाचं तरी ब्लाऊज शिवत होती. तिने मानही वर केली नाही. मला तिचा जास्त राग आला.

पण पौर्णिमेला ती मला म्हणाली, चल विहारात. दर पौर्णिमेला बुद्धविहारात वंदना झाली की पुरुष निघून जातात आणि बायका तिथंच सतरंजीवर भिशी मांडतात. प्रत्येकीने पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, नाव निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. चिठ्ठीशिवाय रक्कम फक्त दोन कारणांसाठी मिळते: दवाखाना आणि लग्न. त्यातही लग्नाला अट आहे. भिशीची फेरी संपायच्या आत लग्न लागलंच पाहिजे आणि सगळ्या जणी तिथं जेवल्याच पाहिजेत. कारण पूर्वी एकीने पोरीच्या लग्नाला म्हणून रक्कम उचलली आणि फ्रीज आणला. त्या फ्रीजचं थंड पाणी अजूनही कुणी पीत नाही.

आईने मागितलं. दवाखान्यासाठी, म्हणाली. लगेच चौकशी सुरू. ताप आहे का? नाही. ऑपरेशन आहे का? नाही. अन्न खाता येत नाही का? येतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी हात तोंडावर दाबून बसले होते. भिशी सांभाळणारी जी मावशी होती, जिचा आवाज विहाराच्या माईकपेक्षा लांब जायचा, तिने माझा हात धरून खाली केला.

"अवो, हे दवाखान्यात नाई बसत," ती म्हणाली. "हे लग्नात बसते. पोरीचे दात मानूस कायसाठी सरळ करते?"

बायका हसल्या, पटलं त्यांना. मी आईकडे पाहिलं. तिने फक्त नाही म्हणायचं होतं. माझ्या पोरीला शिकायचं आहे, एवढं एक वाक्य. ती समोरच्या ताटातल्या नोटांकडे बघत राहिली आणि तिने तोंड उघडलं नाही. गप्प बसली म्हणजे हो, असं ठरलं आणि रक्कम तिच्या पदरात आली.

घरी येईपर्यंत मी थयथयाट केला. फेरी माझ्या शेवटच्या वर्षी संपणार होती, परीक्षेच्या आधीच. म्हणजे परीक्षेच्या आधी माझं लग्न. "तू बोलली काऊन नाई?" मी विचारलं.

"बोलली असती तं पैसे भेटले नसते," आई म्हणाली आणि तिने मशीनवरचं कापड सरळ केलं.

तार बसली. पहिले काही दिवस मी वरणात कालवलेली भाकरी गिळत होते. गालाच्या आतून साल निघाली. पण हे दुखणं निदान माझं होतं. बाकी काहीच माझं राहिलं नाही. गावात पाय ठेवला की कुणी ना कुणी म्हणणार, "उघड बरं तोंड." ओट्यावर, किराणा दुकानासमोर, एकदा तर हापशीवर भरलेली घागर माझ्या डोक्यावर असताना. भिशीतल्या बायकांना वाटायचं की त्यांचा हप्ता माझ्या कोणत्या तरी दातात बसला आहे आणि तो नीट बसला की नाही हे बघायचा त्यांना हक्क आहे. मी चिक्की खाताना दिसले तर एकीने हातातून काढून घेतली. "आमच्या पैशाची तार आहे ते, तुटन नं." आणि आई? आई मला पुढे ढकलायची. दाखव म्हणायची. कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवतात तशी मी दर पौर्णिमेला विहारात तोंड उलगडून दाखवत होते.

डॉक्टरची तऱ्हा वेगळी. दर वेळी आवळायचा, दर वेळी पैसे घ्यायचा, आणि अजून किती दिवस विचारलं की म्हणायचा, "और छे महीने." चार महिन्यांनी विचारलं तरी सहाच महिने. त्याचे सहा महिने कधी सुरू व्हायचे हे त्यालाच ठाऊक. त्याला द्यायचे पैसे आई ब्लाऊजच्या शिलाईतून बाजूला काढायची आणि भिशीचा हप्ताही त्यातूनच भरायची. वडील मात्र कधी कधी जेवताना माझ्या दातांकडे बघून म्हणायचे, "फरक पडून राह्यला." जणू त्यांनीच मंजुरी दिली होती.

दुसरं वर्ष संपत आलं तसे दात खरंच मागे गेले. ओठ मिटायला लागले. मी वर्गात एकदा प्रश्न विचारला आणि खाली बसल्यावर लक्षात आलं की डावा हात बाकावरच होता. मला इतका आनंद झाला की मॅडमनी दिलेलं उत्तर मी ऐकलंच नाही. पण गावात त्या आनंदाचं भाषांतर एकच व्हायचं. मावशी म्हणायची, "आता पोरगी चांगली दिसते. मंग तारीख कदी?" आई म्हणायची, "बगू." वडिलांचा शब्द तिने कधी उचलला कोण जाणे. मी तिथंच बसलेली असायचे. मला कुणी विचारत नव्हतं, आणि मी मध्ये बोलले की मावशी म्हणायची, पैसे उचलले तवा बोलली असती.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर मावशी तारखेची वाट बघून थकली आणि स्वतःच स्थळ घेऊन आली. पांढरकवड्याकडचं. मुलगा पतसंस्थेत नोकरीला. तो, त्याचे वडील, त्याची आई, आणि मधोमध मावशी. मी पोहे आणले, चहा आणला. माझं कोणतं वर्ष आहे, पुढे काय करायचं आहे, यातलं काही कुणी विचारलं नाही. मुलगा मोबाईलकडे बघत होता. त्यालाही कुणी काही विचारत नसावं. मग त्याची आई म्हणाली, "हास बरं बाई थोडी."

इतका संताप झाला की मी खरोखरच हसले. हिरड्या दिसेपर्यंत. सगळी तार, सगळे चौकोनी तुकडे, मध्ये अडकलेल्या पोह्याच्या कणासकट.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मावशीला हळूच म्हणाल्या, "तार निघाल्यावर येतो आमी. आता काय समजते?" आणि चहा पिऊन मंडळी उठली.

मावशी चिडली, आईवर, माझ्यावर, पोह्यांवर. मीसुद्धा चिडलेलीच होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात त्या बाईंशी भांडत होते, आणि भांडता भांडता थांबले. तार निघाल्यावर येतो. म्हणजे तार आहे तोवर येणार नाहीत. ज्या तारेच्या नावाने मी दोन वर्षं बोटं मोडत होते, तिनेच मला काल वाचवलं होतं. याचं समाधान वाटायला हवं होतं, पण मला आणखीच राग आला. माझी डिग्री आता एका डॉक्टरच्या चिमट्यावर अवलंबून होती. मी कितीही अभ्यास केला तरी त्याने तार एक महिना आधी काढली की संपलं.

पुढच्या पौर्णिमेला मावशीने तारीख विचारली नाही. तिने विचारलं, "तार कदी निघते?"

"सहा महिन्यांनी," मी म्हणाले. डॉक्टरचेच शब्द.

झालं. विहारात एकच कल्लोळ. दोन वर्षं झाली, अजून सहा महिने? फेरी तं त्याच्या आदीच सरते. डॉक्टर लुटून राह्यला. पोरीला एकटी बघून फसवून राह्यला. प्रत्येकीला आपापले पैसे त्याच्या खिशात जाताना दिसत होते. मावशीने निर्णय दिला, "पुढच्या येळेस मी येतो संगं. इचारतो त्याले, कायचे सहा महिने."

मावशी जिथं विचारायला जाते तिथून उत्तर घेतल्याशिवाय परत येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण गेल्या खेपेला डॉक्टरने सहा महिने म्हटलंच नव्हतं. आता थोडंच राहिलंय म्हणाला होता आणि ते मी घरीही सांगितलं नव्हतं.

आई म्हणाली, "तुमी काऊन तरास घेता? मीच जातो."

आई तोवर एकदाही दवाखान्यात आली नव्हती. रविवार म्हणजे तिचा शिलाईचा दिवस. त्या रविवारी तिने मशीनवर कापड झाकलं, ठेवणीतली साडी नेसली आणि माझ्यासोबत बसमध्ये बसली. वाटेत मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की मी खोटं बोलले. दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघत होती, फुटलेल्या कपाशीकडे, आणि तिचं लक्ष नाही असं समजून मी गप्प बसले. तिच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला. आता ही डॉक्टरला विचारेल, तो खरं सांगेल, ही पौर्णिमेला तसंच विहारात सांगेल. विहारात मला हवं ते न बोलणारी बाई इथं काय माझ्या बाजूने बोलणार होती?

डॉक्टरने मला खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला, आरसा घातला. सगळीकडून पाहिलं आणि खूश झाला. "हो गया अम्मा," तो आईला म्हणाला. "बहुत अच्छे आए दाँत. अगले महीने तार निकाल देंगे."

मी डोळे मिटून घेतले.

"नक्को निकालो साब," आई म्हणाली.

त्याला वाटलं ती तार काढताना दुखेल म्हणून घाबरली आहे. तो समजावू लागला, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. आई ऐकून घेत होती. मग तिने पदराच्या गाठीतून पैसे काढले, शिलाईचे, दहा-वीसच्या नोटा घडी करून ठेवलेल्या, आणि त्याच्या टेबलावर ठेवले.

"परीक्षा होने तक रखो," ती म्हणाली. "फीस हर महीने देती मैं."

"लेकिन दाँत तो सीधे हो गए अम्मा. अब तार रखके क्या करना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून, आमच्या घरात कधी कुणाशी बोलत नव्हती अशा सरळ आवाजात म्हणाली, "तार है तब तक लड़की कॉलेज जाती साब. तार निकली तो लोगां आते."

डॉक्टरने त्या नोटा उचलून आईच्या हातात परत दिल्या आणि कंपाउंडरला सांगितलं, हिला परीक्षेनंतरची तारीख दे. माझ्या तोंडात अजून त्याचा आरसा होता, त्यामुळे मला काहीच बोलता आलं नाही.